क्यूबाच्या चुलीपाशी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी म्हटले, पाककृती देते. त्या म्हणाल्या, "पाककृती अकरा आल्यात, वहिनी. दुसरे काही द्या." माझी शाळा सातवीला सुटली. इतिहास लिहिणे हे माझे काम नव्हे, हे मी जाणून आहे. परंतु माझा भाचा बोटीवर नोकरीला आहे. त्याची बोट क्यूबातल्या हवाना बंदराला लागली होती. तिथले जेवण त्याने असे रंगवून सांगितले, की मला चैन पडेना. मग वाचनालयातून पुस्तके आणली, जे कळले नाही ते मुलीकडून वाचून घेतले. भगिनींनो, चुकलेमाकले पोटात घाला.

भाच्याने सांगितले, "मामी, तिकडे खिचडी खातात." ही खिचडी म्हणजे काळा घेवडा आणि तांदूळ. घेवडा रात्री भिजत घालायचा, दुसऱ्या दिवशी शिजवायचा आणि त्याच्याच काळ्या पाण्यात तांदूळ शिजवायचे. कांदा, लसूण, ढोबळी मिरची, जिरे यांची फोडणी असते, तिला 'सोफ्रितो' म्हणतात. जिरे वाचून मला तर माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले! तिखट मात्र ते लोक जवळजवळ खातच नाहीत. या भाताचे नाव 'मोरोस इ क्रिस्तियानोस', म्हणजे मूर आणि ख्रिस्ती. स्पेनमध्ये या दोघांची शेकडो वर्षे लढाई चालली होती. काळा घेवडा आणि पांढरा भात यांना ती नावे चिकटली. लढाई रणात, समेट पातेल्यात.

कोलंबस १४९२ साली क्यूबाच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा तिथे ताईनो नावाचे लोक राहत होते. त्यांची भाकरी धान्याची नव्हती, कंदाची होती. तो कंद म्हणजे कसावा. त्याची एक जात कडू आणि विषारी असते. ताईनो बायका तो कंद किसत, विणलेल्या लांब नळीत भरून पिळून त्यातले विषारी पाणी काढून टाकत आणि उरलेल्या पिठाची पातळ भाकरी मातीच्या तव्यावर भाजत. तिला 'कसाबे' म्हणतात. ती महिनोन्‌महिने टिकते. म्हणून गहू न टिकणाऱ्या त्या दमट हवेत स्पॅनिश लोकांनी आपल्या गलबतांवर हीच भाकरी भरून घेतली. ज्यांनी ती शिकवली, ते ताईनो मात्र रोगराईने आणि वेठबिगारीने पन्नाससाठ वर्षांत बहुतेक संपले.

हा कंद आपल्या ओळखीचा आहे. एकादशीला आपण जो साबुदाणा भिजवतो, तो याच कसाव्याच्या सत्त्वाचा. पोर्तुगीजांनी कंद हिंदुस्थानात आणला आणि साबुदाणा आता बहुतेक तामिळनाडूत सेलमकडे होतो. आपला उपवास ज्यावर चालतो, ते समुद्रापलीकडच्या त्या बायांचे रोजचे अन्न होते!

पुढे उसाचे राज्य आले. शेजारच्या हैतीत १७९१ साली गुलामांनी बंड केले, तिथली साखर बुडाली आणि क्यूबातल्या मळेवाल्यांचे फावले. आफ्रिकेतून माणसे आणून त्यांना उसात जुंपले. गुलामगिरी तिथे १८८६ पर्यंत चालली. गुलामांना खारवलेले वाळके मांस, खारा मासा, मक्याचे पीठ आणि केळी असा शिधा मिळे. काही ठिकाणी कंदमुळे लावायला जमिनीचा तुकडाही असे. उकडलेली केळी ठेचून केलेला 'फुफू' त्यांचाच. १८४७ पासून चिनी मजूरही करारावर आले, लाखाच्या वर. इतक्यांचे हात लागले, तेव्हा क्यूबाचा स्वयंपाक झाला. फर्नांदो ओर्तिस नावाच्या तिथल्या पंडिताने आपल्या देशाला 'अहियाको'ची उपमा दिली. अहियाको म्हणजे कंद, मका, केळी, मांस सगळे एकत्र शिजवलेला रस्सा. मला भोगीची भाजी आठवली.

परंतु मला लिहायचे होते ते नित्सा विय्यापोल या बाईंविषयी. १९५० च्या सुमारास त्या दूरचित्रवाणीवर स्वयंपाक शिकवू लागल्या आणि चाळीसेक वर्षे शिकवीत राहिल्या. शेजारी मार्गोत बाकायाओ नावाची कृष्णवर्णीय बाई प्रत्यक्ष चिराचिरी, तळणी करीत असे. तिचे नाव फार थोड्यांच्या लक्षात राहिले. १९५९ मध्ये क्रांती झाली, अमेरिकेने व्यापार तोडला, मार्च १९६२ मध्ये रेशनपुस्तक आले. पुष्कळ लोक देश सोडून गेले, विय्यापोलबाई राहिल्या. पूर्वी त्या पदार्थ ठरवून जिन्नस सांगत. आता आज बाजारात काय मिळेल ते आधी पाहायचे आणि मग पदार्थ ठरवायचा, अशी उलटी रीत त्यांनी घातली.

हे वाचून मी पुस्तक मिटून बसले. यांचा कारखाना बंद पडला त्या दोन वर्षांत मी दुसरे काय करीत होते? दोडक्याच्या शिरांची चटणी, कच्च्या केळ्याच्या सालींची भाजी. मुलांना वाटे, आईला हौस आहे.

१९९१ मध्ये सोव्हिएत रशिया मोडला आणि क्यूबाचा आधार गेला. तेव्हा तिथल्या बायांनीही केळीच्या साली बारीक चिरून खिम्यासारख्या परतल्या, पपनसासारख्या फळाची जाड साल घोळवून तळली आणि मांस म्हणून वाढली. १९९३ पर्यंत पन्नास हजारांवर लोकांच्या डोळ्यांना आणि नसांना विकार जडला. निकस अन्न हे त्याचे मोठे कारण होते. साल तळून पोट भरते, अंगी लागत नाही. हौस म्हणून या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला राग येतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या रेशनचा रोजचा पाव ८० ग्रॅमवरून ६० ग्रॅमवर आला. त्याच वर्षाच्या अखेरीस युनेस्कोने कसाबे भाकरीला मानवजातीच्या वारशात जागा दिली. भाच्याला मी सांगून ठेवले आहे, बोट पुन्हा तिकडे गेली तर एक कसाबे घेऊन ये. टिकतेच ती.