एका विरळ मूलद्रव्याचें उत्तरचरित

एखाद्या खनिज द्रव्याचा इतिहास लिहावयाचा म्हणजे तें प्रथम कोणास सांपडलें व त्याचा उपयोग काय झाला, एवढें सांगून लेखक बहुधा थांबतात. परंतु मनुष्यानें खाण सोडल्यावरही तेथील द्रव्याचें चरित्र पुढें चालूच असतें. धातु व अधातु यांच्या सीमेवर असलेल्या टेल्युरियम या मूलद्रव्याचें तर हें उत्तरचरितच अधिक उद्बोधक आहे.

पूर्वचरित थोडक्यांत असें. ट्रान्सिल्व्हेनिया प्रांतांत झ्लात्ना गांवाजवळ सोन्याच्या खाणी होत्या. तेथील एका चमकदार, रुपेरी खनिजास कोणी अँटिमनी समजत. खाणखात्याचा अधिकारी फ्रान्त्स योझेफ म्युलर यानें १७८२ साली त्याचें परीक्षण केलें. प्रथम त्यास तें बिस्मथ वाटलें. परंतु स्वतःचेंच मत खोडून काढण्यास तो कचरला नाहीं. पुढें सुमारें तीन वर्षें त्यानें पन्नासाहून अधिक प्रयोग केले व हें दोहोंहून निराळें कांहीं आहे असें ठरविलें. स्वतःच्या निर्णयावर पुरता विश्वास न बसल्यामुळें त्यानें त्यास 'शंकास्पद धातु' एवढेंच म्हटलें. स्वीडनमधील प्रसिद्ध रसायनज्ञ बेर्गमन याजकडे त्यानें नमुना पाठविला. पण १७८४ साली बेर्गमन निवर्तला आणि प्रश्न तसाच राहिला. अखेरीस १७९८ साली बर्लिन येथें क्लाप्रोथ यानें म्युलरच्या शोधास पुष्टि दिली व पृथ्वीवाचक लॅटिन शब्दावरून त्या मूलद्रव्यास टेल्युरियम हें नांव दिलें. शोधाचें श्रेय मात्र त्यानें निःसंकोचपणें म्युलरलाच दिलें. नांव ठेवणारा एक व शोधणारा दुसरा असतां असा प्रांजलपणा विरळाच.

हें मूलद्रव्य भूकवचांत सोन्याइतकेंच, किंबहुना त्याहूनही दुर्मिळ आहे. असें असूनही त्याचीं दीडशेहून अधिक खनिजें ज्ञात आहेत. या विलक्षण गोष्टीचें कारण त्याच्या स्वभावांत आहे. खोल भूगर्भांत, जेथें प्राणवायूचा शिरकाव नाहीं, तेथें टेल्युरियम सोनें, रुपें, शिसें अथवा बिस्मथ यांच्याशीं संयोग पावून टेल्युराइड बनतें. पुढें वरचा खडक झिजून तें पृष्ठाजवळ आलें म्हणजे हवा मुरलेलें पावसाचें पाणी त्यास गांठतें. शेजारच्या गंधकयुक्त खनिजांचें विघटन होऊन तें पाणी आम्ल होतें आणि जुनीं खनिजें हळूहळू विरघळूं लागतात. सोनें तेथेंच शुद्ध रूपानें मागें राहतें. टेल्युरियम मात्र प्राणवायूशीं मिळून पुढें वाहूं लागतें.

या प्रवासाच्या दोन पायऱ्या आहेत. पहिलीवर टेल्युरियमची संयोगशक्ति चार असते व त्यापासून टेल्युराइट वर्गाचीं खनिजें होतात. त्यांत प्राणवायूचे अणु टेल्युरियमच्या एकाच बाजूस गोळा झालेले आढळतात. दुसरीवर ती सहा होते आणि सहा अणु त्यास चोहोंकडून समान वेढतात; हींच टेल्युरेट खनिजें. पाणी पुष्कळ असेल तर द्रव्य दूर पसरतें किंवा लोखंडाच्या गंजांत अडकून बसतें. म्हणून तीं मुख्यतः कोरड्या मुलखांत, खडकाच्या भेगांत व पोकळ्यांत सांपडतात.

अशांपैकीं फार पूर्वीं वर्णिलेलें खनिज म्हणजे माँटानाइट. तें बिस्मथचें टेल्युरेट असून अमेरिकेतील माँटाना प्रदेशावरून त्याचें नांव जेंथ या रसायनज्ञानें १८६८ साली ठेविलें. त्यानंतर बराच काळ या वर्गांत मोजकींच भर पडली. २००८ साली मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतांतील मोक्तेसुमाजवळच्या खाणींतून चॉकलेटी रंगाचें एक टेल्युरेट वर्णिलें गेलें. त्यास तेथील प्राचीन भाषेंतील चॉकलेटवाचक शब्दावरून 'शोकोलाट्लाइट' हें नांव मिळालें. त्यांतील टेल्युरियम खरोखर सहा संयोगशक्तीचें आहे काय, हें क्ष-किरणांच्या शोषणावरून निश्चित करण्यांत आलें.

सर्वांत आश्चर्यकारक कथा कॅलिफोर्नियांतील बेकर गांवाजवळच्या ओटो टेकडीची. तेथील लहानसहान खाणी ओस पडून किती तरी काळ लोटला होता. तेथें हौशी संग्राहकांनीं बारकाईनें पाहिलें तों स्फटिकमय गारेच्या भेगांत एक मिलिमीटरहून लहान अशा रंगीत कणांची अगदीं दाटी होती. २०१० सालापासून एकामागून एक नवीं खनिजें तेथून प्रसिद्ध झालीं. त्यांतील ओटोआइट हें पिवळें, शिशाचें टेल्युरेट. शिशाचे दोन, टेल्युरियमचा एक व प्राणवायूचे पांच अणु असें त्याचें प्रमाण. सहा प्राणवायूंनीं वेढलेलीं टेल्युरियमचीं अष्टफलकें कोपऱ्यांनीं जोडलीं जाऊन त्यांच्या सरळ सांखळ्या त्यांत बनतात. त्याच टेकडीवरील दुसऱ्या एका खनिजास हाउस्लेआइट म्हणतात. तें नांव एका संग्राहकाचें आहे. क्लाप्रोथनें घालून दिलेला प्रांजलपणाचा कित्ता येथें पुन्हां गिरविलेला दिसतो.

खाणवाल्यांनीं मोल पाहिलें तें खडकांतल्या धातूचें. तो काढून होतांच त्यांच्या लेखीं टेकडी रिती झाली. परंतु म्युलरला ज्याची शंका आली, तें द्रव्य आपला प्रवास संपवून तेथेंच रंगीत कणांच्या रूपानें बसलें होतें. कोणतें पाणी आलें, त्यांत प्राणवायु किती होता, ऋतु किती कोरडे गेले, याची नोंद त्या कणांत आहे. टाकून दिलेल्या दगडांतच खाणीचें खरें दप्तर असतें. तें वाचणारा मात्र भेटला पाहिजे.