भूकंपाचे दप्तर : पोर्तुगाल आणि त्याची बेटे

लिस्बनच्या सांव जॉर्ज किल्ल्यातील ज्या बुरुजात पोर्तुगालच्या राजांनी आपल्या सनदा, तहनामे आणि दानपत्रे शतकानुशतके जपून ठेवली होती, तो बुरूज १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी, सर्व संतांच्या सणानिमित्त शहरातील लहानमोठी सारी देवळे माणसांनी भरलेली असताना, काही मिनिटांच्या अवधीत ढासळून पडला. या दप्तराचा मुख्य अधिकारी मानुएल द माया हा राज्याचा मुख्य अभियंताही होता. वयाची पंचाहत्तरी उलटून गेलेल्या या गृहस्थाने स्वतः पुढे होऊन ढिगाऱ्याखालचे कागद उपसविले आणि किल्ल्याच्या आवारातच लाकडी निवारा उभारून त्यांची व्यवस्था लावली. नदीकाठच्या राजवाड्यालगत असलेल्या ‘कासा द इंदिया’च्या, म्हणजे हिंदुस्थानाशी चालणाऱ्या साऱ्या व्यापाराच्या कचेरीच्या, कागदांना मात्र असा त्राता लाभला नाही. वास्को द गामाच्या काळापासून साठत आलेले जहाजांचे, मालाचे आणि हिशेबाचे ते दप्तर बहुतांशी नष्ट झाले. पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासाची झालेली ही हानी आपल्याकडे फारशी कोणी मोजलेली नाही. पावसाळी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांतून लिस्बन आणि गोवा यांच्यामध्ये चाललेल्या पत्रव्यवहाराच्या वह्या गोव्याच्या दप्तरखान्यात होत्या म्हणूनच त्या वाचल्या, आणि पुढे पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या विद्वानाला पोर्तुगेज आणि मराठे यांच्या संबंधांचा इतिहास लिहिताना गोव्याच्या त्या दप्तरखान्याचा आधार घेता आला.

त्या सकाळी साडेनऊच्या सुमारास सुरू झालेले हादरे तीन टप्प्यांत मिळून कित्येक मिनिटे टिकले. त्यानंतर सुमारे तासाभराने समुद्राचे पाणी नदीच्या मुखातून शहरात शिरले आणि वेदींवरील मेणबत्त्यांपासून व स्वयंपाकाच्या चुलींपासून पेटलेली आग पाचसहा दिवस धुमसत राहिली. सुमारे दोन लाख वस्तीच्या त्या शहरात किती माणसे दगावली याविषयीचे अंदाज दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंत पसरलेले आहेत, तरी तीस ते चाळीस हजार हा आकडा पुष्कळांना संभवनीय वाटतो. रोगराईच्या भयाने प्रेते होड्यांत भरून समुद्रात सोडावी लागली आणि या कृत्याला धर्मपीठाची परवानगी घ्यावी लागली, एवढ्यावरूनही त्या संहाराची कल्पना यावी.

परंतु या भूकंपाला जगाच्या इतिहासात जे स्थान मिळाले ते केवळ संहारामुळे मिळाले, असे मला वाटत नाही. राजा जुझे याचा मंत्री सेबाश्तियांव जुझे द कार्व्हाल्यु, जो पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आला, त्याने १७५६ च्या प्रारंभी राज्यातील गावोगावच्या पाद्र्यांकडे १३ प्रश्नांचा एक जाबता धाडला. भूकंप किती वाजता सुरू झाला आणि किती वेळ टिकला. धक्का एका बाजूने अधिक जाणवला काय. समुद्र आधी ओसरला की आधी चढला, आणि नेहमीच्या पातळीपेक्षा किती वीत चढला. जमिनीला भेगा पडल्या काय आणि पडल्या असल्यास त्यांतून काय बाहेर आले. किती घरे पडली, किती माणसे मेली, आग लागली काय. आणि यापूर्वीच्या एखाद्या भूकंपाची गावात कोणाला आठवण आहे काय, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. ज्या राज्यात इन्क्विझिशनचा अंमल चालू होता आणि गाब्रिएल मालाग्रिदा हा जेझुइट पाद्री भूकंप हा ईश्वराचा कोप असल्याचे छापून प्रसिद्ध करीत होता, त्या राज्याने हे सारे विचारावे, आणि ज्यांच्या तोंडून रयतेने पापाची व प्रायश्चित्ताची भाषा ऐकावयाची त्याच पाद्र्यांच्या हातून पाण्याची पातळी मोजवून घ्यावी, ही गोष्ट मला त्या शतकातील मोठ्या ग्रंथांइतकीच थोर वाटते. आज भूकंपशास्त्रज्ञ त्या धक्क्याची तीव्रता साडेआठच्या आसपास ठरवितात, त्या अनुमानाला या उत्तरांचा फार मोठा आधार आहे.

भूकंपाकडे निसर्गाची घटना म्हणून पाहणाऱ्या या विचाराला पोर्तुगालात एक पूर्वजही होता. २६ जानेवारी १५३१ रोजी लिस्बन आणि तेजू नदीचे खोरे असेच हादरले, तेव्हा सांतारें गावातील धर्मोपदेशक हा कोप नवख्रिस्त्यांच्या, म्हणजे बळाने बाटविलेल्या ज्यूंच्या, पापाचे फळ असल्याचे सांगून लोकांना चेतवू लागले. त्या वेळी नाटककार जिल व्हिसेन्त याने त्यांना एकत्र बोलावले, भूकंप ही निसर्गाच्या नियमाने घडणारी गोष्ट आहे असे समजावून दिले आणि घडलेली हकिकत राजाला पत्राने कळविली. एका नाटककाराने त्या दिवशी किती निरपराधांचे प्राण वाचविले असतील!

पोंबाल आणि माया यांनी शहर पुन्हा उभारताना घरमालकांना वाटेल तेथे भिंत घालण्याची मुभा दिली नाही. जुन्या गल्लीबोळांचा सखल भाग सपाट करून तेथे सरळ, रुंद रस्ते आखण्यात आले. एउजेनियु दुश सांतुश आणि कार्लुश मार्देल या अभियंत्यांनी घरांचे ठराविक नमुने तयार केले आणि प्रत्येक घरात, दगडी भिंतींच्या आत, उभ्याआडव्या व तिरप्या लाकडी बडोद्यांचा सांगाडा बसविण्यात आला. या सांगाड्याला लिस्बनकर पिंजरा म्हणतात. भिंतीचा दगड निखळला तरी माळे या लाकडावर तोलून राहावेत हा त्यातील हेतू. आणि त्याची परीक्षा घेण्यासाठी चौकात एक नमुना उभारून त्याभोवती पलटणीचे शिपाई पाय आपटीत चालविले, असे परंपरेने सांगतात. दोन घरांमधील भिंत छपराच्या वर नेण्यात आली, ती आग शेजाऱ्याकडे पसरू नये म्हणून. या साऱ्या कामासाठी लिस्बनच्या व्यापाऱ्यांनी आयात मालावर शेकडा चार जादा जकात मान्य केली आणि ब्राझीलमधील नगरसभांवरही वर्गणीचा बोजा पडला. राजधानीच्या पुनर्रचनेच्या खर्चाचा काही भाग अशा रीतीने समुद्रापलीकडच्या मुलखाने उचलला.

समुद्रातल्या मुलखाचे स्वतःचे भूकंप मात्र या कीर्तीच्या छायेत झाकून गेले. लिस्बनच्या पश्चिमेला सुमारे दीड हजार किलोमीटरवर असलेली अझोर्सची नऊ बेटे उत्तर अमेरिका, युरेशिया आणि आफ्रिका या तीन भूपट्टांच्या संधीवर वसलेली आहेत. पोर्तुगालच्याच मदैरा बेटांना हे भय फारसे नाही; अझोर्सला मात्र ते पूर्वीपासून आहे. २२ ऑक्टोबर १५२२ च्या रात्री सांव मिगेल बेटाची तेव्हाची राजधानी व्हिला फ्रांका भूकंपाने सुटलेल्या डोंगरमातीखाली गाडली गेली. हजारो माणसे मेली, आणि बेटाचे प्रमुखपण कायमचे पोंता देल्गादाकडे गेले. लिस्बनच्या प्रलयानंतर दोन वर्षेही झाली नव्हती तोच, ९ जुलै १७५७ रोजी, सांव जॉर्ज बेटावर हजाराहून अधिक माणसे, म्हणजे बेटाच्या वस्तीचा सुमारे पाचवा हिस्सा, मृत्युमुखी पडली. राजधानीच्या वाट्याला व्हॉल्टेअरचे काव्य आणि कांटचे निबंध आले. सांव जॉर्जच्या वाट्याला तसे काही आले नाही. योगायोग असा की १९९८ साली याच ९ जुलैला, पहाटे, शेजारच्या फायाल बेटावर पुन्हा घरे कोसळून माणसे दगावली.

तेर्सैरा बेटावरील आंग्रा शहराशी आपला ऋणानुबंध आहे, म्हणून त्याचा उल्लेख थोड्या विस्ताराने करतो. गोव्याहून मसाला घेऊन निघालेली जहाजे युरोप गाठण्यापूर्वी या बंदरात विसावत, आणि त्यांच्या बंदोबस्तासाठी तेथे राजाचा खास अंमलदार असे. गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी कारकुनी केलेला डच प्रवासी लिन्सखोटेन परतीच्या वाटेवर दोनेक वर्षे याच आंग्र्यात अडकून पडला, आणि त्याच्या ग्रंथात गोव्याच्या चित्राप्रमाणेच आंग्र्याचेही चित्र आहे. त्याने पाहिलेल्या या शहराचा फार मोठा भाग १ जानेवारी १९८० च्या दुपारी, सात अंशांहून अधिक तीव्रतेच्या भूकंपाने, मोडून पडला. तेर्सैरा, सांव जॉर्ज व ग्रासिओझा या बेटांवर मिळून साठाहून अधिक लोक मेले आणि हजारो कुटुंबे उघड्यावर आली. अवघ्या चार वर्षांपूर्वी स्वायत्तता मिळालेल्या बेटांच्या सरकारने तेथे जी उभारणी हाती घेतली, तिच्यात जुने रस्ते, जुन्या दर्शनी भिंती आणि जुनी वळणे राखली, भिंतींच्या आत मात्र नवे बळ भरले. आणि १९८३ साली युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

मुख्य भूमीवरील धोका दोन ठिकाणांहून येतो. सांव व्हिसेन्त भूशिराच्या नैर्ऋत्येला समुद्रतळाशी आफ्रिका आणि युरेशिया हे भूपट्ट वर्षाला चार-पाच मिलिमीटर इतक्या संथ गतीने परस्परांकडे सरकत आहेत. १७५५ चा भूकंप तेथलाच मानतात, परंतु नेमका कोणत्या भंगातून उठला याविषयी आजही एकमत नाही. तेथल्या भंगांपैकी एकाला पोंबालचेच नाव दिलेले आहे. २८ फेब्रुवारी १९६९ च्या पहाटे याच टापूतून सुमारे पावणेआठ तीव्रतेचा धक्का आला. दुसरे ठिकाण लिस्बनच्या उशाशी, तेजूच्या खोऱ्यात आहे: १५३१ चा भूकंप तेथला, आणि २३ एप्रिल १९०९ रोजी बेनाव्हेंत गाव उद्ध्वस्त करणाराही तेथलाच.

इतके असूनही भूकंपापासून इमारतींच्या रक्षणाचा कायदा पोर्तुगालात झाला तो १९५८ साली. मोठ्या भूकंपाच्या द्विशताब्दीनिमित्त १९५५ मध्ये अभियंत्यांनी भरविलेल्या परिषदेतून तो निघाला. ज्या राज्याने १३ प्रश्न विचारले त्यालाच उत्तरांतून नियम काढण्यास दोनशे वर्षे लागावीत, याचे मला फार दुःख होते. मधल्या काळात पोंबालच्या घरांवर मालकांनी मजले चढविले, तळमजल्यावर दुकाने रुंद करण्यासाठी भिंती फोडल्या, आणि नळ घालताना वा खोल्या मोठ्या करताना ते तिरपे बडोदे कापून टाकले. दर्शनी भागावरून यातले काहीच कळत नाही. कोणत्या घरातील पिंजरा शाबूत आहे आणि कोणत्या घरातला कापलेला आहे, याची घरोघर तपासणी करून तिची नोंद नगरपालिकेच्या दप्तरी व्हावी, आणि घर विकत घेणाऱ्याला किंवा भाड्याने राहणाऱ्याला ती नोंद मागण्याचा हक्क असावा.