मात्सुएचे हेरून सर

आयटीत दोन-चार वर्षं काढलेल्यांना 'केटी' म्हणजे काय हे सांगायला नको. नॉलेज ट्रान्स्फर! आपल्याला जे येतं ते समोरच्याला शिकवायचं, आणि नीट शिकवलं की त्या प्रोजेक्टवरची आपली गरज संपते. मी पहिल्यांदा केटी दिली तेव्हा शेवटच्या दिवशी जरा विचित्रच वाटलं होतं. काम चांगलं झालं याचं समाधान, आणि उद्यापासून आपल्याला कुणी फोन करणार नाही याची हुरहुर. त्या दिवसाची आठवण झाली ती एका इंग्रजीच्या मास्तरांबद्दल वाचताना. १८९० साली जपानच्या एका आडगावच्या शाळेत ते शिकवायला गेले होते.

पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी. १८६८ नंतरच्या मेइजी सरकारने देशाला एक भलीमोठी केटी द्यायचं ठरवलं. रेल्वे, दीपगृहं, कायदा, वैद्यक, इंग्रजी... जे येत नव्हतं ते शिकवायला परदेशी माणसं करारावर आणली. त्यांना म्हणत 'ओयातोई गाइकोकुजिन', म्हणजे नोकरीवर ठेवलेले परदेशी. १८७० च्या दशकाच्या मध्यात एकट्या सरकारी नोकरीत असे सुमारे पाचशे लोक होते, आणि त्यांतल्या काहींचे पगार मंत्र्यांच्या तोडीचे होते. हा खर्च कायमचा परवडणार नाही हे सरकारला पक्कं ठाऊक होतं. म्हणून करार मुदतीचे असत, आणि दुसरीकडे हुशार जपानी मुलं परदेशी शिकायला पाठवली जात. ती परत आली की साहेबाला निरोप. हिशोब अगदी साफ.

या यंत्रणेत लाफकाडिओ हर्न शिरला तो जवळजवळ अपघाताने. आई ग्रीक, वडील आयरिश, जन्म ग्रीसमधल्या लेफ्कादा बेटावरचा, १८५० चा. शाळेत असताना झालेल्या अपघातात डावा डोळा गेला, आणि उजव्याने फार जवळचं तेवढंच दिसायचं. पुढे अमेरिकेत सिनसिनाटी आणि न्यू ऑर्लिन्सला त्याने पत्रकारी केली. १८९० च्या एप्रिलमध्ये तो योकोहामाला उतरला तो एका अमेरिकन मासिकासाठी जपानवर लिहायला. पण बरोबर आलेल्या चित्रकाराला आपल्यापेक्षा जास्त पैसे मिळणार आहेत हे कळल्यावर गडी भडकला आणि करारच मोडून टाकला. (पगाराची तुलना केल्याने राजीनामे पडतात हे आयटीवाल्यांना नवीन नाही!)

आता परक्या देशात, चाळिशीत, खिशात पैसे नाहीत. पदवी नाही, शिकवायचा अनुभव नाही, जपानी येत नाही. न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनात ओळख झालेले शिक्षण खात्यातले हात्तोरी इचिझो आणि तोक्योच्या विद्यापीठातले प्राध्यापक बेसिल हॉल चेंबरलेन यांच्या खटपटीने नोकरी मिळाली. शिमाने प्रांतातलं मात्सुए गाव, तिथली माध्यमिक शाळा आणि शिक्षक तयार करणारी नॉर्मल स्कूल, महिना १०० येन. त्या काळी मात्सुएला रेल्वे नव्हती. हर्न हिमेजीपर्यंत आगगाडीने गेला, तिथून माणसाने ओढायच्या रिक्षातून डोंगर ओलांडले आणि शेवटचा टप्पा बोटीने पार केला. ऑगस्टच्या अखेरीस तो पोचला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला शाळेत रुजू झाला.

इथे या गोष्टीतला माझा आवडता माणूस येतो. निशिदा सेन्तारो. शाळेतला इंग्रजीचा जपानी शिक्षक, वय अवघं अठ्ठावीस, म्हणजे साधारण माझ्याच वयाचा. पहिल्या दिवशी त्याने हर्नला दोन्ही इमारती दाखवल्या, सगळ्या सहकाऱ्यांशी ओळख करून दिली, तासांचं वेळापत्रक आणि पुस्तकं समजावून सांगितली, टेबलावर लागेल ते सगळं सामान मांडून ठेवलं. मग गव्हर्नर कोतेदा यासुसादा यांच्या भेटीला नेलं, दुभाषाही तोच. आपल्याकडे ऑनसाईट गेलेल्या माणसाला पहिल्या दिवशी असा एक निशिदा भेटला तर काय बहार येईल!

वर्गात मात्र हर्नला स्वतःलाच उभं राहायचं होतं. समोर पोरं बसलेली, आणि त्यांची भाषा आपल्याला येत नाही. त्याने एक साधा मार्ग धरला. हळू बोलायचं, सोपे शब्द वापरायचे, फळ्यावर लिहून दाखवायचं आणि मुलांकडून निबंध लिहून घ्यायचे. विषयही त्यांच्या रोजच्या जगातले. निबंध तपासता तपासता त्याच्या लक्षात आलं, की वेगवेगळ्या मुलांच्या वहीत उपमा मात्र त्याच त्या येतात. फुजी डोंगर म्हणजे आभाळातून उलटा टांगलेला अर्धा उघडा पांढरा पंखा! 'यांना कल्पनाशक्तीच नाही' असं म्हणून एखादा साहेब मोकळा झाला असता. हर्न शिकला ते वेगळंच: या मुलांच्या मागे शेकडो वर्षांची एक सामायिक चित्रांची पोतडी आहे आणि तिच्यातून नेमकं काढता येणं हीच त्यांच्याकडे हुशारी मानतात. म्हणजे निबंध तपासणारा मास्तरच विद्यार्थी झाला होता.

मुलं प्रश्नही नेमके विचारत. एकाने सांगितलं, की आधीचे एक परदेशी मास्तर म्हणाले होते, सम्राटाच्या तसबिरीपुढे वाकणं हे रानटीपणाचं लक्षण. तुमचं मत काय? सगळा वर्ग उत्तराकडे कान लावून. तो काळही नाजूक होता. ३० ऑक्टोबर १८९० ला सम्राटाची शिक्षणविषयक आज्ञा निघाली होती, आणि १८९१ च्या जानेवारीत त्या आज्ञेपुढे पुरेसं वाकून नमन केलं नाही म्हणून उचिमुरा कान्झो या ख्रिस्ती शिक्षकाची तोक्योत नोकरी गेली होती. हर्नने मुलांना सांगितलं, की आपल्या सम्राटाचा मान ठेवण्यात रानटी असं काहीच नाही. यात नोकरीची काळजी किती आणि मनापासून किती, हे कोण सांगणार? पण पुढच्या त्याच्या सगळ्या लिखाणात हाच सूर आहे, त्यामुळे मनापासून असावं असं मला वाटतं. (तो सूर कधीकधी जरा जास्तच भाबडा होतो, हेही खरं.) शिवाय हर्नने लिहून ठेवलंय, की पश्चिमेत मास्तर विद्यार्थ्याला काढतो, जपानमध्ये बऱ्याचदा विद्यार्थीच मास्तराला काढतात. नव्या मास्तरासाठी ही काही लहान गोष्ट नाही.

मात्सुएत त्याचं नाव 'हेरून' पडलं. पहिला हिवाळा त्याला सोसला नाही, तो आजारी पडला. १८९१ च्या सुरुवातीला कोइझुमी सेत्सु ही जुन्या सामुराई घराण्यातली, पण दिवस पालटलेली बाई त्याच्या घरी आली आणि पुढे त्याची बायको झाली. दोघं आपसात मोडक्या जपानीत बोलायची, त्या बोलीला घरात नाव होतं 'हेरून-सानची भाषा'. सेत्सुने त्या बोलीत सांगितलेल्या भुताखेतांच्या गोष्टींतूनच पुढे १९०४ मध्ये 'क्वाइदान' हे त्याचं गाजलेलं पुस्तक तयार झालं.

१८९१ च्या नोव्हेंबरात तो कुमामोतोला गेला. पगार दुप्पट, २०० येन. तिथले मुख्याध्यापक होते ज्युडोचे जनक कानो जिगोरो! पण मात्सुए आणि निशिदा त्याच्या मनातून गेले नाहीत. १८९५ चं 'आउट ऑफ द ईस्ट' त्याने निशिदालाच अर्पण केलं. १८९६ मध्ये बायकोमुलाला वारसा मिळावा म्हणून त्याने जपानी नागरिकत्व घेतलं आणि तो कोइझुमी याकुमो झाला. त्याच वर्षी तो तोक्योच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवू लागला. महिना ४०० येन, म्हणजे परदेशी शिक्षकाचा दर. निशिदा मात्र क्षयाने १८९७ मध्ये गेला.

आणि मग १९०३. विद्यापीठाने करार पुढे चालू ठेवला नाही. विद्यार्थ्यांनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही. त्याच्या जागी आलेल्यांपैकी एक होता सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन नुकताच परतलेला तरुण, नात्सुमे सोसेकी. पुढे जपानचा सर्वांत मोठा कादंबरीकार ठरला तोच हा. वर्षाला ८०० येन, म्हणजे हर्नच्या दोन महिन्यांच्या पगारात वर्षभराचा मास्तर! यंत्रणेच्या दृष्टीने बघा, सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. केटी पूर्ण. फक्त ज्याच्याकडून ती घेतली तो एव्हाना परदेशी राहिला नव्हता. कागदावर जपानी, पगाराच्या रकान्यात परदेशी. हर्नला ते फार लागलं. २६ सप्टेंबर १९०४ ला तो गेला.

गंमत म्हणजे हर्नने आपल्या व्याख्यानांची टिपणं मागे ठेवलीच नव्हती. पण तो मात्सुएच्या वर्गात शिकलेल्या सवयीने बोलायचा, हळू आणि सोप्या शब्दांत, त्यामुळे तोक्योच्या मुलांनी अक्षरशः शब्द न् शब्द उतरवून घेतला होता. त्या वह्यांवरून १९१५ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्या व्याख्यानांचे जाडजूड खंड छापले गेले. म्हणजे केटीचं डॉक्युमेंट देणाऱ्याने नाही, घेणाऱ्यांनी लिहिलं!

१९८७ मध्ये जपानने पुन्हा सरकारी योजनेतून परदेशी तरुण शाळांमध्ये आणायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी ८४८ आले. एका वर्गात दोन शिक्षक, एक जपानी आणि एक परदेशी, अशी ती रचना. म्हणजे हेरून आणि निशिदाच की!

असो. यापुढे टीममध्ये कुणी नवीन आला, भाषा न कळून बावरलेला दिसला, की त्याचं टेबल आधी मीच लावून ठेवणार आहे. हर्न होणं नशिबात असावं लागतं. निशिदा व्हायला तेवढं काही लागत नाही.