क्रियाविशेषणाचे स्थान : इंग्रजी वाक्यातील

इंग्रजी वाक्यात कर्ता, क्रियापद, कर्म आणि सर्वनाम यांच्या मागेपुढे क्रियाविशेषण कोठे येते, याविषयीचे नियम व त्यांमागील कारणे. इंग्रजीत नामांचे विभक्तिप्रत्यय जवळजवळ उरलेले नाहीत. कर्ता कोणता व कर्म कोणते हे शब्दक्रमावरूनच कळते, म्हणून तो क्रम पक्का असतो. क्रियाविशेषणाला मात्र त्यात बरीच मोकळीक आहे. ही मोकळीक जेथे संपते तेथे इंग्रजी वाक्याची बांधणी सर्वांत स्पष्ट दिसते.

तीन स्थाने : आद्य, मध्य व अंत्य अशी तीन स्थाने सर्वसाधारणपणे मानतात. ‘स्लोली’, ‘केअरफुली’ यांसारखी रीतिवाचक, तसेच स्थलवाचक व कालवाचक क्रियाविशेषणे बहुधा अंती येतात. ती एकत्र आली तर रीती, स्थळ, काळ असा क्रम सामान्यतः ठेवतात. ‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ ही वारंवारता दाखवणारी क्रियाविशेषणे मध्यस्थानी, तर संपूर्ण विधानाविषयी वक्त्याचे मत सांगणारे ‘फॉर्च्युनेटली’ प्रायः आरंभी येते. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच व स्वार्टविक यांच्या 1985 च्या बृहद्व्याकरणात क्रियाविशेषणांची कार्यानुसार चार वर्गांत विभागणी केलेली आहे. स्थान बदलले की अर्थही बदलू शकतो. ‘ही आन्सर्ड द क्वेश्चन फूलिशली’ म्हणजे त्याने दिलेले उत्तर मूर्खपणाचे होते. ‘फूलिशली, ही आन्सर्ड द क्वेश्चन’ म्हणजे उत्तर देणे हाच मूर्खपणा होता.

सहायक क्रियापद : मध्यस्थानाचे क्रियाविशेषण मुख्य क्रियापदाच्या आधी (‘शी ऑफन सिंग्ज’), ‘बी’ या क्रियापदाच्या रूपानंतर (‘शी इज ऑफन लेट’) आणि सहायक क्रियापद असल्यास त्याच्यानंतर, अनेक असल्यास पहिल्यानंतर (‘शी हॅज ऑफन बीन लेट’) येते. सहायक क्रियापदावर आघात असला किंवा पुढचा भाग गाळला, तर क्रियाविशेषण त्याच्या अलीकडे सरकते : ‘आय नेव्हर हॅव’, ‘शी ऑलवेज इज’. नकार असताना विशेष काळजी घ्यावी लागते. ‘आय रिअली डोन्ट लाइक इट’ यात नावड ठाम आहे. ‘आय डोन्ट रिअली लाइक इट’ यात ती सौम्य आहे.

कर्म आणि सर्वनाम : क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये इंग्रजी सहसा क्रियाविशेषण येऊ देत नाही. ‘ही स्पीक्स वेल इंग्लिश’ हे चूक, ‘ही स्पीक्स इंग्लिश वेल’ हे बरोबर. कर्म लांबलचक असेल तर नियम सैल होतो : ‘शी रेड केअरफुली एव्हरी लेटर दॅट हॅड कम फ्रॉम द व्हिलेज’ हे चालते. त्याच जागी ‘इट’ हे सर्वनाम आले की सवलत संपते. ‘शी रेड केअरफुली इट’ असे इंग्रजी भाषक म्हणत नाही. ‘शी रेड इट केअरफुली’ असेच म्हणतो. ‘शी लुक्ड केअरफुली ॲट इट’ हे मात्र शुद्ध आहे, कारण तेथे ‘इट’ हे शब्दयोगी ‘ॲट’शी जोडलेले आहे, क्रियापदाशी थेट नाही.

‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’ यांसारखे छोटे शब्द क्रियापदाशी जोडून येतात तेव्हाही हेच दिसते. ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ हे दोन्ही प्रयोग रूढ आहेत. सर्वनाम असताना ‘टर्न इट ऑफ’ हा एकच. इंग्रजी वाक्यात नवी व वजनदार माहिती शेवटाकडे जाते. सर्वनाम आधीच माहीत असलेल्या गोष्टीकडे बोट दाखवते व बहुधा आघाताविना उच्चारले जाते, म्हणून ते क्रियापदाला बिलगून राहते.

कर्त्याच्या बाजूलाही सर्वनाम वेगळे वागते. ‘हिअर कम्स द बस’ यात क्रियापद कर्त्याआधी येते. सर्वनाम असताना ‘हिअर इट कम्स’ असे म्हणावे लागते. नकारार्थी क्रियाविशेषण आरंभी आले तर सर्वनामालाही सूट नाही : ‘नेव्हर हॅव आय सीन सच अ स्टॉर्म’. ‘सो डू आय’ म्हणजे ‘मीही’. ‘सो आय डू’ म्हणजे समोरच्याचे म्हणणे खरे असल्याची कबुली.

इतिहास : प्राचीन इंग्रजीत वाक्यारंभी क्रियाविशेषण आले की नामरूप कर्ता बहुधा क्रियापदामागे जाई, सर्वनाम मात्र पुष्कळदा क्रियापदाआधीच राही. काही ठराविक क्रियाविशेषणांनंतर सर्वनामही मागे जात असे. सोळाव्या शतकापर्यंत मुख्य क्रियापद नकाराच्या आधी येऊ शके. ‘आय नो नॉट’ हा प्रयोग त्याची खूण आहे. पुढे ‘डू’ची योजना रूढ झाली. एलेगार्ड यांचा 1953 चा ग्रंथ या बदलाचा मूलभूत अभ्यास मानला जातो.

वाद : लोथ यांच्या 1762 च्या व्याकरणात क्रियाविशेषण ज्याच्याशी संबंधित त्याच्या जवळ ठेवावे असे सांगितले आहे. ‘टू’ व क्रियापद यांच्यात क्रियाविशेषण घालण्यास आल्फर्ड यांनी 1864 मध्ये हरकत घेतली. आधुनिक व्याकरणकार ही बंदी मानत नाहीत. ‘ओन्ली’च्या जागेविषयीचा अतिरेकी आग्रह फाउलर यांनी 1926 मध्ये नाकारला.

क्रियाविशेषणाच्या जागेविषयीच्या वादाचे एक गाजलेले उदाहरण 20 जानेवारी 2009 चे आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेतील राष्ट्राध्यक्षपदाच्या शपथेत ‘विल’ आणि ‘एक्झिक्यूट’ यांच्यामध्ये ‘फेथफुली’ आहे. बराक ओबामा यांना शपथ देताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्‌स यांनी ते वाक्याच्या शेवटी नेले. ओबामा थबकले, आणि अखेर त्यांनीही ते शेवटीच उच्चारले. खबरदारी म्हणून दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा देण्यात आली. सहायक व मुख्य क्रियापद फोडू नये या गैरसमजातून हे घडले, असे भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी सुचवले. ती केवळ स्मरणाची चूक असणेही शक्य आहे. त्याच शपथेत ‘डू’ आणि ‘स्वेअर’ यांच्यामधील ‘सॉलेम्न्‌ली’ जागचे हलले नाही.

उपपत्ती : फ्रेंचमध्ये मुख्य क्रियापद क्रियाविशेषणापुढे जाते, इंग्रजीत ते मागेच राहते, या भेदावर एमंड्स (1978) व पोलॉक (1989) यांनी वाक्यरचनेचा सिद्धांत उभारला. क्रियाविशेषणांची उतरंड सर्व भाषांत ठरलेली असते असे चिंक्वे (1999) मानतात, तर अर्न्स्ट (2002) स्थानाचे स्पष्टीकरण मुख्यतः अर्थावरून देतात. हा प्रश्न निकालात निघालेला नाही.

उच्चार : स्वराघात व विराम यांमुळे स्थानाचे नियम बरेच लवचिक होतात.

मराठी भाषक : मराठीत क्रियापद शेवटी येते आणि रीतिवाचक क्रियाविशेषण बहुधा त्याच्या लगत आधी : ‘ती पत्र काळजीपूर्वक वाचते’. ही जवळीक इंग्रजीत नेली की क्रियाविशेषण क्रियापद व कर्म यांच्यामध्ये अडकते. ‘आजच’ यातील ‘च’च्या धर्तीवर ‘टुडे ओन्ली’ असा प्रयोग भारतीय इंग्रजीत ऐकू येतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर शिकलेल्या पिढ्यांनी हा शब्दक्रम भाषांतराच्या सरावाने आत्मसात केला. आजच्या शिक्षकानेही सुटे नियम पाठ करून घेण्याआधी ‘इट’ असलेली वाक्ये घ्यावीत : सर्वनाम जागेवर बसले की क्रियाविशेषणाची जागा विद्यार्थ्याला आपोआप सापडते.