खाटेच्या काठापर्यंत

अकोल्यातल्या एका अतिदक्षता विभागात माझा मावसभाऊ न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर होता. पाचव्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मुलगी त्याला खाटेच्या काठावर पाय सोडून बसवायला आली. घशात नळी तशीच. मावशी कळवळली, ‘‘बाई, त्याले हालवू नका जी!’’ मीही मनातून मावशीच्याच बाजूचा. आणि मी अमरावतीचा! १९१४ साली स्थापन झालेल्या, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिके दाखवून आलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गावचा.

यंत्रावरचा माणूस निजलेलाच असायचा हे कधी ठरले, याचा शोध मी नंतर घेतला. सुरुवातीला तसे नव्हतेच. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या पद्धतीने सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास दिला. त्यातली बरीच मुले जागी असत; विद्यार्थी त्यांना गोष्टी वाचून दाखवत. (त्याच दशकात मुंबईत पोलिओच्या साथीनंतर परळच्या केईएममध्ये फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले.) डेन्व्हरच्या थॉमस पेटी यांनी १९६४ च्या सुमारास श्वसनविभाग उभारला, तिथले रुग्ण यंत्र लावलेले असताना खुर्चीत बसत. पेटींनीच १९९८ मध्ये खंतावून लिहिले, की आता राउंडला गेले की औषधांनी निपचित पडलेली माणसे दिसतात, जिवंत आहेत हे मॉनिटरवरूनच कळते.

म्हणजे गुंगी ही सोय होती, आजाराची गरज नव्हे. यंत्राशी झगडणारा रुग्ण सांभाळणे कठीण, झोपलेला सोपा. त्या सोयीची किंमत स्नायू मोजतात. लंडनमधील ६३ रुग्णांच्या २०१३ च्या अभ्यासात मांडीच्या एका स्नायूचा आडवा छेद १० दिवसांत सरासरी १७.७ टक्क्यांनी घटला. वाचून मी स्वतःची मांडी चाचपली, हे कबूल करतो.

शिकागो व आयोवा येथील १०४ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज गुंगी उतरवून लवकर हालचाल करवलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्णालयातून निघताना स्वतःची कामे स्वतः करू शकत होते. इतरांत ३५ टक्के. पण उत्साहाच्या भरात इथेच थांबणे प्रामाणिकपणाचे नाही. २०२२ मध्ये सहा देशांतील ७५० रुग्णांवर, नेहमीपेक्षा अधिक व लवकर हालचाल करवून पाहिली गेली. जास्तीचा फायदा दिसला नाही, उलट हृदयाचे ठोके बिघडणे, रक्तदाब वा ऑक्सिजन घसरणे असे प्रकार वाढले. माझ्या मते वाद हालवावे की नाही हा नाहीच. किती, आणि कोणाची नजर ठेवून, एवढाच आहे.

त्या मुलीची नजर सतत पडद्यावर होती. नर्सने नळी धरली, एकाने पाठ. भाऊ चारेक मिनिटे बसला, ऑक्सिजनचा आकडा उतरू लागताच तिने त्याला निजवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तेव्हा मावशी काही बोलली नाही. भाऊ घरी आला; जिना मात्र पुढचे दोन महिने आधाराशिवाय चढता येत नव्हता.