कुलाब्याची कासव-होडी

आमच्या कोल्हापुरात पाणी म्हणजे रंकाळा आणि पंचगंगा. लहानपणी रंकाळ्यात पायडल मारायच्या होडीत बसलो, तेवढाच माझा नौकानयनाचा अनुभव. त्यामुळे मी शर्यतीच्या शिडाच्या होडीवर लिहितोय म्हटल्यावर आई म्हणाली, "पोहायला तरी धड येतं का रे तुला?" असो.

झालं असं, की गेल्या आठवड्यात ऑफिसात जुंपली. आमच्याकडे एक जुनं सॉफ्टवेअर आहे. दिसायला गबाळं, चालीला कासव, पण रात्री-अपरात्री कुणाला फोन येत नाही. ते फेकून नवं, वेगवान लिहावं का? मी अर्थातच फेकण्याच्या बाजूनं, तावातावानं. त्याच रात्री वाचता वाचता 'सुहेली' भेटली आणि माझी बाजू जरा डळमळली.

सुहेली आपल्या मुंबईची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण ब्रिटिश दर्यावर्दी तेव्हा व्यापारी जहाजांवर नोकरीला होता. त्यानं नव्या धाटणीच्या एका होडीचे नकाशे इंग्लंडहून मागवले, आले भलतेच! 'एरिक' नावाच्या जुन्या होडीचे. परत पाठवण्यात वेळ जाणार, म्हणून त्यानं तेच घेतले आणि 1963 मध्ये कुलाब्यात काम सुरू झालं. लाकूड भारतीय सागवान. हत्यारं वाकस आणि दोरीनं फिरवायचा सामता. डिसेंबर 1964 मध्ये नारळ फोडून होडी पाण्यात गेली.

आता या 'चुकीच्या' नकाशात काय होतं ते बघू. एरिक अमेरिकेच्या विल्यम अ‍ॅटकिनची, पण मूळ कल्पना नॉर्वेच्या कॉलिन आर्चरची. मच्छीमारांना वादळातून सोडवून आणायच्या होड्या तो बांधायचा. लांबी 32 फूट, रुंदी 11 फूट, म्हणजे चांगलीच गुबगुबीत. दोन डोलकाठ्या. मागचं टोकही पुढच्यासारखं निमुळतं, म्हणजे मागून आलेली लाट आदळण्याऐवजी दुभंगून जाते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कील, होडीचा तळाचा कणा. वारा बाजूनं ढकलतो तेव्हा होडीनं आडवं न सरकता पुढे जावं, हे त्याचं पहिलं काम. दुसरं काम वजनाचं. खाली दोन टनांहून जास्त लोखंड असल्यामुळे होडी कितीही कलली तरी आपली आपण उभी राहते. आपल्या त्या डोलणाऱ्या बाहुलीसारखी! हल्लीच्या शर्यतीच्या होड्यांचा कील माशाच्या परासारखा अरुंद आणि खोल असतो. पाण्याशी घर्षण कमी, वळणं झटपट. सुहेलीचा लांबच लांब. त्यामुळे वळायला आळशी, वेग बेताचा, पण एकदा दिशा धरली की सोडत नाही. शिवाय अशा होडीचा वेग पाण्यावरच्या लांबीनंच बांधलेला असतो. 28 फुटांना साधारण 7 नॉट. त्यावर जोर लावून फारसा उपयोग नाही.

1968 मध्ये एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची 'गोल्डन ग्लोब' शर्यत जाहीर झाली. नॉक्स-जॉन्स्टनला खरं तर मोठी पोलादी होडी हवी होती, पैसे जमले नाहीत. मग आहे तीच! 14 जून 1968 ला तो फालमथहून निघाला. थोड्याच दिवसांत तळाच्या फटीतून पाणी यायला लागलं. पठ्ठ्यानं भर समुद्रात पाण्याखाली जाऊन फट बुजवली. पुढे रेडिओ गेला. ऑस्ट्रेलिया ओलांडता ओलांडता आपोआप दिशा धरणारं यंत्रही मोडलं. तेव्हा कामी आला तो हा आळशी कील. शिडं नीट बांधली की सुहेली स्वतःच सरळ चालायची, आणि मालक झोपू शकायचा.

312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 ला, तो परतला. सुमारे 30,000 मैल, म्हणजे सरासरी 4 नॉट, ताशी साडेसात किलोमीटर. रंकाळ्यावर सकाळी पळणारे काका याहून जोरात जातात. पण निघालेल्या नऊ जणांपैकी पोचला तो एकटाच.

गोष्ट इथंच संपवली असती तर मला सोयीचं होतं. पण 2018 मध्ये त्या शर्यतीची आठवण म्हणून पुन्हा शर्यत झाली. त्यासाठी गोव्यात सुहेलीच्याच आराखड्यावर 'थुरिया' बांधली गेली, चालक आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी. 21 सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळानं तिला उलथवलं. होडी पुन्हा उभी राहिली, पण डोलकाठ्या गेल्या आणि टॉमींच्या मणक्याला जबर दुखापत झाली. तीन दिवसांनी त्यांची सुटका झाली. म्हणजे जुनं म्हणजे भक्कम, हेही पूर्ण खरं नाही. (टॉमी पुन्हा लांब कीलच्याच दुसऱ्या होडीतून शर्यतीत उतरले आणि 2023 मध्ये दुसरे आले, हे सांगायलाच हवं!)

आणि वेगवान होड्या बुडतातच असंही नाही. 2025 मध्ये शार्ली दालँनं अशीच प्रदक्षिणा 65 दिवसांच्या आत पुरी केली.

तर सोमवारी पुन्हा मीटिंग आहे. नवं लिहू नका, असं मी म्हणणार नाही. पण "वेग किती वाढेल?" याआधी "दिशा धरणारं यंत्र मोडलं तर काय?" हे विचारणार आहे. गेल्या आठवड्यात तावातावानं बोलताना ते विचारायचं राहूनच गेलं.