खुंटी आहे, खुंटी नाही

मुलांना कोडिंग शिकवणं ही बंगळूर-पुण्याकडून आलेली नवलाई आहे, असं भिवंडीजवळच्या आमच्या कशेळीतले पालक धरून चालतात. मी इथे प्राथमिकला शिकवते आणि मला हे पटत नाही. आमचे आप्पा भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. मागावर डॉबी बसवली की कापडात बारीक नक्षी निघते. डॉबीला लाकडी पट्ट्यांची साखळी असते, पट्ट्यांना भोकं आणि भोकांत खुंट्या. खुंटी असेल तर ताण्याचे ठरलेले धागे वर उचलायचे, नसेल तर खालीच ठेवायचे. मग धोटा पळतो. शेवटची पट्टी झाली की पुन्हा पहिली. एखादी खुंटी पडली, तर तीच खोट ठरावीक अंतरानं कापडभर उमटते. आप्पा नक्षी उलट वाचत जायचे आणि नेमकी ती पट्टी काढायचे. शिक्षण चौथीपर्यंत, पण क्रम लावणं, आवर्तन ओळखणं, चूक हुडकणं ही त्यांची रोजची कामं होती.

आणि हे निव्वळ माहेरचं कौतुक नव्हे. फ्रान्समधल्या ल्योंच्या जोसेफ जकार्डनं 1804च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी रेशमाची नक्षी विणून दाखवली. चार्ल्स बॅबेजनं आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी तेच पुठ्ठे घ्यायचं ठरवलं, आणि 1843 मध्ये एडा लव्हलेसनं त्या यंत्रावर टिपणं लिहिली. यंत्र कधी पुरं झालंच नाही.

मुलांची पाळी यायला 1967 उजाडलं. अमेरिकेत सीमोर पेपर्ट आणि सहकाऱ्यांनी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. तिच्यातलं कासव पुढे जा, वळ, एवढ्या हुकमांवर चित्रं काढू लागलं. कासव चुकलं की मूल स्वतः तसं चालून बघतं, ही त्यातली खरी गंमत. आपल्याकडे 1984 मध्ये सरकारनं ‘क्लास’ प्रकल्प काढून सुमारे 250 शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोचवले, पण ते मोठ्या वर्गांसाठी. धाकट्यांचा विचार केला तो पुढे पवईच्या आयआयटीतल्या प्रा. श्रीधर अय्यर यांच्या ‘कॉम्प्युटर मस्ती’ या अभ्यासक्रमानं. 2014 मध्ये 5 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी ‘स्क्रॅच ज्युनियर’ हे ॲप आलं. त्यात चित्रांचे ठोकळे जोडायचे, अक्षरओळखही लागत नाही. 2020च्या शैक्षणिक धोरणानं कोडिंग ठेवलंय ते सहावी ते आठवीला. तरी पहिलीतल्या पोरासाठी हजारो रुपये फी भरणारे आईबाप मी पाहते. तो पैसा मला वाया गेलेला वाटतो.

माझ्या वर्गात गोदामांत राबणाऱ्यांची मुलं आहेत. आमचं कोडिंग संगणकाविनाच चालतं. अंगणात खडूनं चौकटी आखायच्या. एकानं बाणांच्या चिठ्ठ्या लावायच्या, दुसऱ्यानं यंत्र होऊन चिठ्ठीबरहुकूम चालायचं. यंत्र भिंतीवर आदळलं की पोरंच ओरडतात, “बाई, याला वळायला सांगितलंच नाही!” मग चुकलेली चिठ्ठी शोधायची झुंबड उडते.

आता भिवंडीत जुने माग भंगारात निघताहेत. कारखानदारांना एकच विनंती: डॉबीची एखादी साखळी, खुंट्यांसकट, जवळच्या शाळेला द्या.